शीअरलिंग कोटाच्या कॉलरवर पुन्हा पुन्हा बुरशी, मदत हवी आहे

कोट मेंढीच्या कातड्याचा. आत साधारण 2 सेंटीमीटर पांढरट लोकर, बाहेरून तपकिरी स्वेड, वर कसलंही कोटिंग नाही. म्हापशात पावसाळाभर लाकडी कपाटात होता, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. तिथेच चुकलं: कातडं कोंडलं गेलं.

आतापर्यंत केलेलं: व्हरांड्यात सावलीत झटकून मऊ ब्रशने बुरशी काढली. सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं, कापड नुसतं ओलसर करून पुसलं (आधी आतल्या शिवणीवर तपासलं, रंग निघाला नाही). प्लास्टिक टाकून सुती कव्हर, रुंद हँगर, खोलीत डीह्युमिडिफायर. आर्द्रता 50-55 टक्के. बाकी कोट स्वच्छ राहिला. पण बारा दिवसांत कॉलरच्या आत आणि काखेच्या शिवणीत करडे ठिपके परतले. तिथली लोकर बोटांना चिकट लागते, झुपके झालेत. घामाचा तेलकटपणा बुरशीला खाद्य पुरवतोय, असं मला वाटतं.

धुणं, ऊन, हेअर ड्रायर सुचवू नका. ओलं कातडं उष्णतेने आकसतं. साध्या ड्रायक्लीनिंगमध्ये कातड्यातलं तेल निघून जाईल, म्हणून तेही नको. कॉर्नफ्लॉर टाळलंय, स्टार्च बुरशीला आवडतो.

कातडं न भिजवता लोकरीच्या मुळापासला तेलकटपणा कसा काढायचा? कोरडी मुलतानी माती वापरली असेल तर किती तास ठेवली, आणि पांढऱ्या लोकरीवर डाग राहिला का? शिवाय गोवा, बेळगाव किंवा कोल्हापुरात साफ करून कातड्याला पुन्हा तेल देणारा कोणी कारागीर आहे का?