मदत हवी आहे: धावपट्टीचे काही दिवे बंद असले तर धुक्यात विमान उतरू देतात का?

नमस्कार मंडळी,

मी नांदगाव खंडेश्वर तालुक्यातला वायरमन. मोटारपंप, स्टार्टर, घरांची फिटिंग, २२ वर्षं हेच काम. माझा पुतण्या आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. एका विमानतळावर धावपट्टीच्या दिव्यांच्या देखभालीसाठी त्याला येत्या सोमवारी मुलाखतीला बोलावलंय. त्याचे वडील नाहीत, तयारी मीच करून घेतोय. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून पोरगं याच ध्यासात आहे.

वायरिंग आम्हाला कळलं. दिवे सिरीजमध्ये, जास्तीत जास्त ६.६ अँपिअर. लग्नाच्या माळेतला एक बल्ब उडाला की सगळी माळ जाते. इथं प्रत्येक दिव्याला वेगळा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर, म्हणून दिवा उडाला तरी सर्किट तुटत नाही. कडेचे दिवे दोन सर्किटांवर एकाआड एक वाटलेले, एक सर्किट बसलं तरी निम्मे राहतात. हे सगळं वहीवर काढून समजावलं त्याला.

अडलंय ते धुक्यापाशी. परवा पहाटे तुरीत गेलो तर धुवारी इतकी की विहिरीवरचा बल्ब दिसेना. पावलं मोजत निघालो, पन्नासेक पावलं उरली तेव्हा कुठं पिवळा ठिपका दिसला. मी तर पायी होतो.

वाचलं ते असं: धावपट्टीवर किती लांबवर दिसतं ते आरव्हीआर. कमी दिसत असताना उतरण्याच्या कॅट वन, टू, थ्री अशा श्रेणी आहेत. कॅट वनला तो किमान ५५० मीटर लागतो आणि २०० फूट उंचीवर वैमानिकाला दिवे दिसले पाहिजेत. कॅट टूला ३०० मीटर आणि १०० फूट. कॅट थ्री त्याहून खाली, दिल्लीत ५० मीटरपर्यंत. हे आकडे सगळे दिवे चालू धरूनच आहेत ना? मग किती गेले की गणित बदलतं? विमान थांबवतं कोण, टॉवर की वैमानिक? आणि ऐन वेळी लाईट गेली तर?

जाणकारांनी कृपा करून सांगावं. पोराला पाठांतर नको, समजून बोलता आलं पाहिजे.

प्रतिसाद – रात्रपाळी

भाऊ, मी याच कामात आहे. तुमचं सर्किटाचं बरोबर आहे, पण निम्मे दिवे राहिले म्हणजे भागलं असं नाही. कडेचे दिवे साधारण ६० मीटरवर असतात. ३०० मीटर दिसत असेल तर समोर पाच दिवे. एकाआड एक गेले की उरले दोन-तीन. जेट विमान सेकंदाला सत्तरेक मीटर धावतं, म्हणजे ते ३०० मीटर चार सेकंदांत संपतात. दोन ठिपक्यांवरून विमान सरळ आहे की तिरकं हे कसं कळणार?

म्हणून कॅट टू-थ्रीला मधल्या रेषेचे आणि कडेचे ९५ टक्के दिवे चालू लागतात, टचडाऊन झोनचे, म्हणजे चाकं टेकतात तिथले, ९० टक्के. कॅट वनला ८५. शेजारचे दोन दिवे एकदम बंद चालत नाहीत, टक्केवारी भरली तरी. त्याखाली गेलं की विमानतळ श्रेणी खाली आणतो, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना काढतो, टॉवर प्रत्येक विमानाला सांगतो. मग वैमानिक कंपनीच्या तक्त्यात बघतो. मधली रेषा नसेल तर त्याला जास्त आरव्हीआर लागतो. कडेचे दिवे नसतील तर दिवसा फरक पडत नाही, रात्री उतरताच येत नाही. आरव्हीआर कमी असेल तर १००० फुटांखाली येण्याची परवानगीच नाही. तो वर घिरट्या घालतो नाहीतर दुसरीकडे जातो.

लाईट गेली तर मधल्या रेषेचे दिवे एका सेकंदात परत यावे लागतात. एका सेकंदात जनरेटर उठत नाही. म्हणून धुक्यात आधीच जनरेटरवर चालवतात आणि मेन्स, म्हणजे बाहेरची वीज, राखीव ठेवतात. पुतण्याला हे नक्की सांगा, मुलाखतीत विचारतात.

आणि एक. दिवा जळतोय म्हणजे चालू आहे असं नव्हे. ठरलेल्या उजेडाच्या निम्म्याहून कमी पडला की तो बंदच धरतात. टायरांचं काळं रबर जमिनीतल्या दिव्यांच्या काचेवर चिकटतं. आमचं अर्धं काम तेच, रात्री गुडघ्यावर बसून काचा साफ करणं.

धागाकर्ता

खूप आभार भाऊ. जनरेटरचं उलटं गणित आम्हाला सुचलंच नसतं. पोरगं शेजारी बसून लिहून घेतंय. तो विचारतोय, जमिनीतला दिवा बदलताना पूर्ण सर्किट बंद करावं लागतं का?