‘गाय’, ‘चॅप’, ‘फेलो’ : पुरुषांसाठीचे हे इंग्रजी शब्द आले कुठून?

विश्रामबागकर (सांगली) :
सांगलीत मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतो. विद्यार्थी एकमेकांना सर्रास ‘गाईज’ आणि ‘ड्यूड’ म्हणतात, तर त्यांचे आजोबा ‘चॅप’ आणि ‘फेलो’ सोडायला तयार नाहीत. सगळ्यांचा अर्थ ‘माणूस’ किंवा ‘गडी’ असा सांगून मी वेळ मारून नेतो, परंतु छटांमध्ये फरक आहे हे मलाही जाणवते. (‘गाय’ हा शब्द फळ्यावर देवनागरीत लिहिला की वर्गात खसखस पिकते, ते निराळेच.) या शब्दांची व्युत्पत्ती जाणकारांनी सांगावी. शिवाय, मुली असलेल्या गटाला ‘गाईज’ म्हणावे का?

अजिंक्यतारा (सातारा) :
‘गाय’ हे मुळात विशेषनाम आहे. 1605 साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला संसदेसह उडवून देण्याचा कट शिजला होता. त्यातला गाय फॉक्स 5 नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या तळघरात, बंदुकीच्या दारूच्या 36 पिंपांपाशी पकडला गेला. पुढे दरवर्षी त्या दिवशी त्याचा पुतळा जाळण्याची प्रथा पडली. जुन्या, फाटक्या कपड्यांत पेंढा कोंबून केलेल्या त्या पुतळ्यालाच लोक ‘गाय’ म्हणू लागले. साहजिकच एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये बुजगावण्यासारख्या गबाळ्या वेषातल्या माणसालाही तो शब्द चिकटला. अमेरिकेत गेल्यावर मात्र त्यातली चेष्टा गळून पडली आणि ‘कोणीही पुरुष’ एवढाच अर्थ उरला.

हळदबाजार (सांगली) :
‘चॅप’ आमच्या धंद्यातला आहे. ‘चॅपमन’ म्हणजे फिरता व्यापारी. त्याचा संक्षेप ‘चॅप’. जुन्या इंग्रजीत सौदा, खरेदी-विक्री या अर्थाच्या ज्या शब्दापासून तो बनला, त्यापासूनच ‘चीप’ म्हणजे स्वस्त हा शब्द आला आणि लंडनच्या चीपसाइड या बाजाररस्त्याचे नावही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘चॅप’चा अर्थ ‘गिऱ्हाईक’ असा होता आणि अठराव्या शतकात तो ‘गृहस्थ’ असा झाला. आपणही एखाद्या तऱ्हेवाईक माणसाला ‘अवघड गिऱ्हाईक आहे’ असे म्हणतोच की.

‘फेलो’सुद्धा पैशाच्याच व्यवहारातला आहे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘फे’ म्हणजे गुरेढोरे, पर्यायाने धन. ते एकत्र मांडणारा तो ‘फेलागी’, म्हणजे भागीदार. इंग्रजीत हा शब्द दोन दिशांना गेला. रॉयल सोसायटीचा ‘फेलो’ होणे हा बहुमान ठरला, आणि हाताखालच्या माणसाला हाक मारताना मात्र त्याच शब्दात तुच्छता आली. भारतीय इंग्रजीत ‘दॅट फेलो’ म्हणताना ऐकू येणारी छटा ही दुसरी आहे, म्हणून साहेबांविषयी बोलताना विद्यार्थ्यांनी तो टाळावा.

मिरजकर :
ब्रिटनमधला ‘ब्लोक’ (म्हणजे गडी) हा आपल्या ‘लोक’वरूनच गेला असणार, असे मी पूर्वी वाचले आहे.

अजिंक्यतारा (सातारा) :
तसा तर्क मांडला गेला आहे, परंतु त्याला भक्कम आधार नाही. प्रमाण कोश ‘उगम अज्ञात’ असेच लिहितात, आणि उच्चार जुळला म्हणून नाते जोडण्याचा मोह आपण आवरलेला बरा. भारताशी खरे नाते हवे असेल तर ‘पॅल’ पाहावा. युरोपातल्या रोमानी लोकांच्या भाषेत ‘भाऊ’ या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून तो सतराव्या शतकात इंग्रजीत आला. रोमानी ही भारतीय-आर्य भाषा असल्यामुळे तो शब्द संस्कृत ‘भ्रातृ’पर्यंत जातो, आणि आपला ‘भाऊ’ही तिथूनच आला आहे. म्हणजे ‘हाय पॅल’ आणि ‘काय भावा’ यांत फार अंतर नाही.

कऱ्हाडची वाचक :
‘ड्यूड’ राहिला. 1883 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये नटव्या, छानछोकी तरुणांना हिणवण्यासाठी तो वापरात आला. ‘यांकी डूडल’ या जुन्या अमेरिकी गाण्यातल्या ‘डूडल’शी त्याचे नाते असावे, असे अभ्यासक मानतात. पुढे अमेरिकेच्या पश्चिमेकडे हौसेने गुराख्याचे जिणे अनुभवायला येणाऱ्या शहरी पाहुण्यालाही तो लागला. मित्राला हाक मारण्याचा आजचा अर्थ नंतरचा.

मुलींविषयी : अमेरिकेत ‘यू गाईज’ असे अनेकवचनी संबोधन मुलींच्या गटालाही सहज केले जाते, परंतु एकवचनी ‘गाय’ म्हणजे पुरुषच. काही स्त्रियांना ते अनेकवचनही खटकते, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. वर्गात ‘एव्हरीवन’ म्हणावे. अर्जात किंवा मुलाखतीत तर यांपैकी एकही शब्द नको.

विश्रामबागकर (सांगली) :
सर्वांचे आभार. सोमवारच्या वर्गात ‘चॅप’पासून सुरुवात करतो, निम्म्या मुलांच्या घरी अडत दुकान आहे.