करनिर्धारणचा अभ्यास: नुसत्या जीकेवर भागत नाही

ताई, तुम्ही विचारलंय की नगरपरिषदेच्या करनिर्धारण सेवेच्या (घरपट्टीसारखे कर ठरवणाऱ्या पदांच्या) परीक्षेसाठी तलाठी परीक्षेचाच अभ्यास पुरेल का. मराठी, इंग्रजी, बुद्धिमत्ता सेम आहे, ते चालून जातं, पण खरी गोची विषयाच्या, म्हणजे कर आणि कायद्याच्या भागात होते. मी पहिल्या वेळी तोच भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलला आणि आपटलो. 1965 चा नगरपरिषद अधिनियम मूळ मराठीतून वाचा, क्लासच्या नोट्स नंतर, त्यात मालमत्ता कराची कलमं तरी दोनतीनदा. आणि आकडे घालून बघा, म्हणजे समजा घराचं महिना भाडं 5000 धरलं तर वर्षाचे 60000, त्यातनं दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, राहिले 54000, हे करयोग्य मूल्य, आणि कराचा दर ह्याच्यावर लागतो, भाड्यावर नाही, इथंच निम्मी पोरं चुकतात. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्याची (भाड्याऐवजी मालमत्तेच्या बाजारभावावर कर) पद्धत आहे, ती ह्यात मिसळू नका. चार वर्षांनी होणारी फेरआकारणी पण बघून ठेवा. तलाठीवालं गुंठा-आर हे जमिनीचं मोजमाप मात्र कामाला येईल, 1 गुंठा 1089 चौरस फूट, 40 गुंठ्यांचा एकर. घरपट्टीची पावती घरात असेलच, ती घेऊन बसा एकदा, त्यातले रकाने वाचले की अर्धं डोक्यात बसतं.