चढणीचे मासे धरणं बरोबर आहे का?

प्रयागकाठ:
मिरगाचा पाऊस पडला की पन्हाळा, करवीर, राधानगरीकडचे व्हिडिओ सुरू होतात. ओढ्याला तांबडं पाणी, तोंडाशी जाळं, बुट्टीत तडफडणारे मासे आणि खाली पन्नास जणांचं "लोकेशन टाका भावा". मी मासे खातो, आवडीनं खातो. माझा सवाल या पंधरा-वीस दिवसांपुरता आहे. पहिल्या पुराला मासा धारेच्या उलट ओढ्यात आणि भातखाचरात चढतो तो अंडी घालायला. आपण नेमकं त्या अरुंद वाटेवर बसतो आणि गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मादी सापडली की जास्तच खूश होतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, कोकणातला माणूस तेवढे दिवस सुक्यावर काढतो. आपल्या ओढ्यांना मात्र कुणी वाली नाही. ज्याच्या घरात दुसरं कालवण नाही त्याच्याबद्दल मी बोलत नाही. पण शहरातून गाड्या काढून हौसेनं जाणाऱ्यांचं हे वागणं मला सरळसरळ अनैतिक वाटतं.

भुदरगडी गडी:
साहेब, खाचर माझं, बांध माझा, चिखलात पाय माझे. आज्जापासनं आम्ही बुट्टी लावतोय आणि मासं संपलं नव्हतं. संपायला लागलं ते कशानं, ते बघायचं असंल तर उन्हाळ्यात खाली शिरोळला जावा. तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतोय. पंचगंगेत शहराचं सांडपाणी, कारखान्यांची मळी सगळं जातंय. तिथं अनैतिक हा शब्द कुणाला सुचत न्हाई. आमच्या घरात वर्षातनं चार दिवस ताज्या माशाचं कालवण झालं की लगेच सुचतोय!

प्रयागकाठ:
तेरवाडला जे होतं ते पापच आहे, मान्य. पण नदी खाली मरत असेल तर वरचे स्वच्छ ओढे हीच माशांची उरलेली जागा, नाही का? तिथंही आपणच आडवे बसलो तर कसं व्हायचं?

चौविहार:
मला दोघांचंही नवल वाटतं. आमच्या घरी चातुर्मासात पालेभाजीसुद्धा येत नाही, म्हणून माझं मत एकांगी समजा हवं तर. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष आणि सौम्य आम्ल टोचून पाहिलं. मासे कितीतरी वेळ खायला येईनात, आम्ल टोचलेले तर तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते. म्हणजे त्याला दुखतं. मग गाभोळीवाली मादी मारणं अनैतिक आणि दिवाळीनंतरचा नर मारणं नैतिक, हे गणित कुणाच्या सोयीचं आहे? माशांच्या संख्येची काळजी म्हणजे माशाची काळजी नव्हे. पुढच्या वर्षीच्या ताटाची काळजी आहे ती.

रंकाळ्याचा गळ:
हो, ताटाचीच आहे, त्यात लाजायचं काय? पण चौविहार, तुमचं निदान सुसंगत आहे. मला राग येतो तो रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभं राहून तांबड्या-पांढऱ्याचा बेत करणाऱ्यांचा. तीच माणसं शिकाऱ्याला क्रूर म्हणतात. गळ टाकणाऱ्याला निदान स्वतःच्या हातानं मासा मारावा लागतो, नजर चुकवता येत नाही. आणि शिकार काय कोल्हापूरला नवी आहे? संस्थानात चित्ते पाळून काळविटाची शिकार व्हायची.

दाजीपूर वाट:
चित्त्यांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. ती शिकार पोटासाठी नव्हती, थाटासाठी होती. इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणावे लागले आणि १९५२ साली देशातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. दाजीपूरचं जंगल आज उभं आहे, कारण संस्थानचं ते शिकारीचं रान १९५८ मध्ये अभयारण्य झालं.

भुदरगडी गडी:
जंगल राहिलं, ब्येस झालं. पण त्यातली डुकरं रात्री माझ्या भुईमुगात येतात त्याचं काय? एका रात्रीत अख्खी पट्टी उकरून ठेवतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मारायला लेखी परवानगी पायजे. ती मिळाली तरी मारलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता. म्हंजे मारून पुरलं तर नियमात आणि मारून खाल्लं तर गुन्हा. मला अडाण्याला सांगा, यातलं नैतिक कुठलं?

चौविहार:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. मारलेलं मातीत घालणं मलाही विचित्र वाटतं.

दाजीपूर वाट:
माझ्याकडे आहे. मांस घरी न्यायला मोकळीक दिली तर उद्या प्रत्येक डुक्कर "पिकात आलेलं" निघेल. मग फासे लागतील, आणि फाशात काय सापडेल हे फासा ठरवत नाही. भेकर सापडेल, बिबट्याही सापडेल. पुरण्याचा नियम विचित्र आहे, पण तो मेलेल्या डुकरासाठी नाही, जिवंत असलेल्यांसाठी आहे. नुकसानभरपाई वेळेवर मिळत नाही हे मात्र खरं, आणि त्यावर आमच्यासारखे निसर्गप्रेमी फारसं बोलत नाहीत.

भोईवाडा:
आता जाळ्यावर पोट असणाऱ्याचं ऐका. चढणीला बुट्टीनं धरलेला मासा एका बाजूला ठेवा. जिलेटिनची कांडी टाकणारे, डोहात करंट सोडणारे आहेत, ते बोटभर पिल्लूसुद्धा सोडत नाहीत. जिलेटिन आणि विषाला तर इंग्रजांनी १८९७ च्या मासेमारी कायद्यातच मनाई केली होती. दुसरं म्हणजे फळ्या घालून पाणी अडवणारे आपले कोल्हापुरी बंधारे. फळ्या पावसाआधी निघाल्या तर मासा वर जाईल. काढायला उशीर झाला तर तो भिंतीखाली गोळा होतो आणि तिथं कुणीही हातानं धरतो. प्रयागकाठ, तुमचं म्हणणं पटतं, गाभोळीवाली मादी सोडावी. पण तुम्ही बंदी मागाल तेव्हा पहिला दंड आम्हाला होणार. व्हिडिओवाला तोवर गाडी काढून कोल्हापुरात पोचलेला असतो.

प्रयागकाठ:
बंदी नको मग. गावानंच ठरवावं, पहिल्या पुराचे पाच दिवस ओढ्याचं तोंड मोकळं. भुदरगडी, तुम्ही कराल का सुरुवात?

भुदरगडी गडी:
करतो की. पण माझ्या वरच्या बांधाला चुलतभाऊ बुट्टी लावून बसलाय. मी सोडलेला मासा त्याच्या कालवणात जाणार, आणि वरनं तो मलाच येडा म्हणणार. त्याला समजवायला तुम्ही येताय का? मिरगाला या. जेवायलाच या, मटण करतो.