मित्रांना टोकुसात्सु बघायला कसं तयार करू? (शनिवारच्या आत मदत हवी आहे)

बेल्टवाला
सरळ मुद्द्यावर येतो कारण वेळ नाहीये. शनिवारी सगळे माझ्याकडे येतायत, रात्री मुक्कामाला, प्रोजेक्टरची सोय झालीये, आणि ह्या वेळी काहीही करून मला त्यांना टोकुसात्सु (सूट घातलेले हिरो आणि राक्षसवाले जपानी शो) दाखवायचंय. मागच्या वेळी लावलं तर पहिल्याच फायटिंगला हसायला लागले, एक जण म्हणे हा सोसायटीच्या गणपतीतल्या वेशभूषा स्पर्धेचा ड्रेस आहे, आणि मग आवाज बंद करून त्याने मालवणीत डबिंग सुरू केलं. बाकीचे लोळून हसतायत आणि मी तिथे रिमोट धरून बसलोय. हेच लोक अमेरिकन सुपरहिरोचे पिक्चर पहिल्या दिवशी तिकीट काढून बघतात, त्यात माणूस हिरव्या पडद्यापुढे एकटाच हातवारे करतो ते चालतं, आणि इथे कोणीतरी खराखुरा जड सूट घालून खऱ्या स्फोटातून उडी मारतो तर ते "लहान मुलांचं".
एकच शो सांगा. लिंकबिंक नको, ते माझं मी बघतो. लवकर सांगा प्लीज.

कोकमसरबत
हे म्हणजे पॉवर रेंजर्सच ना?

बेल्टवाला
नाही!!

टोरोंटोचा_पाऊस
@कोकमसरबत हो आणि नाही. जपानमध्ये सुपर सेंताई म्हणून मालिका आहे, रंगीत सूटवाल्या हिरोंच्या टीमची, १९७५ ला सुरू झालेली, त्यातला झ्यूरेंजर १९९२ चा. त्याची फायटिंग उचलून मधले प्रसंग अमेरिकन पोरं घेऊन नव्याने शूट केले आणि १९९३ ला पॉवर रेंजर्स आलं. म्हणजे आपण लहानपणी जे बघितलं त्यात मास्क लावल्यावर दिसणारा बराचसा माल जपानीच होता. टोकुसात्सुत सेंताई एक, कामेन रायडर (बेल्ट लावून रूप बदलणारा मास्कवाला हिरो) दुसरा, अल्ट्रामॅन (राक्षसांशी लढणारा अवाढव्य परग्रहवासी) तिसरा, आणि गॉडझिला वगैरे राक्षसपट वेगळेच.

साडेसात_लोकल
बेल्टवाला, मागच्या वेळी नक्की काय लावलं होतंस ते लिहिलंच नाहीस की. आणि मित्र कोण, किती जण, सबटायटल वाचायची सवय आहे का? माहिती न देता "एकच शो सांगा" म्हणजे डॉक्टरला फोन करून "गोळी सांगा" म्हणण्यासारखं झालं.

बेल्टवाला
काय फरक पडतो? कामेन रायडर लावला होता. मित्र नेहमीचेच, कॉलेजचे. सबटायटल वाचतात, कोरियन सिरियली बघतात की सगळे.

साडेसात_लोकल
कुठला कामेन रायडर? तीसच्या वर आहेत.

बेल्टवाला
पहिला. १९७१ चा. सुरुवात सुरुवातीपासून नको का करायला??

साडेसात_लोकल
अरे देवा 🤦

मेकॅनिकल_शाखा
हाहाहा. मग मालवणी डबिंग झालं त्यात नवल काय, ते काळ्या टाइट्समधले शॉकरचे (खलनायकांच्या टोळीचे) गुंड "ईईई" करत धावत येतात तेव्हा मीसुद्धा हसतो आणि मी हे गेली कित्येक वर्षं बघतोय.

बेल्टवाला
तो शो इतिहास आहे. चित्रकथाकार इशिनोमोरींनी केलेलं पात्र, ९८ भाग चालला, हिरोचं काम करणारा हिरोशी फुजिओका शूटिंगमध्ये बाइकवरून पडला, पाय मोडला, म्हणून घाईघाईत दुसरा रायडर आणला आणि त्याच्यासोबत ती हात फिरवून "हेन्शिन" (म्हणजे रूपांतर) म्हणायची पोझ आली. ती पोझ आज अख्खा जपान ओळखतो. एवढं सगळं मी त्यांना सांगितलं होतं आधी.

नाशिकची_मिरची
आधी सांगितलं होतं 😄 म्हणजे भाषणही झालं. शो सुरू व्हायच्या आधीच बिचारे दमले असतील.

ठाणेकर_जुना
तरुण मंडळींनो, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जायंट रोबो लागायचा तो कोणाला आठवतो का? जॉनी सोको नावाचा मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि तो अवाढव्य रोबो उडत यायचा. जपानमध्ये १९६७-६८ ला झालेली मालिका, एकूण २६ भाग, आपल्याकडे बरीच उशिरा आली. शेवटच्या भागात रोबो जॉनीचं न ऐकता त्या खलनायकाला मिठी मारून अवकाशात घेऊन जातो आणि उल्केवर आदळतो. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरात दाराबाहेरपर्यंत पोरं, आणि त्या दिवशी एकही पोर बोललं नाही. आमच्या काळी कोणी "पटवून" द्यावं लागलं नाही हो. लावलं की बघायचो.

कोकमसरबत
काका एकच चॅनल होतं मग काय बघणार दुसरं

ठाणेकर_जुना
तेही खरंच म्हणा.

टोरोंटोचा_पाऊस
माझं ऐका, बाकी सगळं सोडा आणि डेकारेंजर लावा (सेंताईच, २००४). मित्र कॉलेजचे म्हणजे जेटिक्स चॅनलच्या काळातले असणार, त्यांनी पॉवर रेंजर्स एसपीडी हिंदीत बघितलेलं असणार. ते ह्याच्यावरूनच बनलंय. तो कुत्र्याच्या तोंडाचा कमांडर आठवतो ना, त्याचा मूळ अवतार इथे आहे, डॉगी क्रुगर, आणि तो एकटा तलवार घेऊन शंभर यंत्रमानवांना कापत जातो तो प्रसंग दाखव फक्त. "अरे हा तर आपला कुत्रा!" असं झालं की अर्धं काम झालं. ओळखीचं काहीतरी हातात द्यावं लागतं रे, एकदम परक्या गावात कोण उतरेल.

साडेसात_लोकल
असहमत. पॉवर रेंजर्सची आठवण करून दिली की ते अजून पक्कं करतील की हे लहान मुलांचं. उत्तर कामेन रायडर डबल. २००९. दुसरं उत्तर नाही. फूतो नावाचं शहर, सगळीकडे पवनचक्क्या, दोन डिटेक्टिव्ह, आणि दोघं मिळून एकच रायडर होतात, अर्धा हिरवा अर्धा काळा. एक प्रकरण दोन भागांत संपतं त्यामुळे दोन भाग लावले की साधारण पाऊण तासात एक पूर्ण गोष्ट मिळते. ४९ भागांचं ओझं डोक्यावर नको. गोष्ट सांगायची पद्धत सरळ गुप्तहेर कथेची आहे, गिऱ्हाईक येतं, खोटं बोलतं, मग पाठलाग. ज्याला सुपरहिरो नको तोही बघतो.

मेकॅनिकल_शाखा
डबलला +१. पण मुळात त्यांना ते नकली का वाटतं हे आधी समजून घ्या. मिनिएचरचा (छोट्या मापाच्या सेटचा) हिशोब असा आहे. समजा सेट १/२५ मापाचा आहे, १९५४ च्या गॉडझिलाला असाच होता, पन्नास मीटरचा राक्षस सूटमध्ये दोन मीटरचा. आता इमारतीचा तुकडा पन्नास मीटरवरून पडायला साधारण ३.२ सेकंद लागतात, दोन मीटरवरून ०.६४. म्हणजे पाचपट लवकर. म्हणून कॅमेरा पाचपट वेगाने फिरवायचा, २४ च्या जागी १२० फ्रेम, आणि नेहमीच्या वेगाने दाखवायचं, की तुकडा बरोबर जड वाटतो. पाणी आणि आग मात्र फसवत नाहीत, पाण्याचा थेंब काही लहान होत नाही, म्हणून समुद्रातले सीन पटकन ओळखू येतात. हे एकदा मित्रांना समजावून सांगितलं की

नाशिकची_मिरची
नको!! परत भाषण नको!! 😂

मेकॅनिकल_शाखा
भाषण नाही, पाच मिनिटं लागतात.

रेशीमगाठ_सुटली
मी ह्यातलं काही बघत नाही पण नवऱ्यामुळे माहितीये, आणि मला ह्यात त्यानेच ओढलं म्हणून सांगते. मी नेटफ्लिक्सवर फर्स्ट लव्ह बघून ताकेरु सातोच्या प्रेमात होते. नवरा म्हणाला ह्याचं आधीचं काम बघतेस का. आणि कामेन रायडर डेन-ओ लावलं, २००७ चं. त्यात हा पोरगा काळाच्या ट्रेनमधून फिरतो आणि त्याच्या अंगात वेगवेगळी भुतं येतात, एक तापट, एक लाघवी, एक झोपाळू, एक नाचरं, आणि तो प्रत्येक वेळी वेगळाच माणूस होतो. मी राक्षस बघायला बसलेच नव्हते, त्याला बघायला बसले होते. तसंच कोकुहो पिक्चरचं (काबुकीवाला, २०२५), त्यातले दोन्ही मुख्य नट इथलेच, र्यो योशिझावा कामेन रायडर फोर्झमध्ये मेटिओर होता आणि र्युसेई योकोहामा टोक्यूजर ह्या सेंताईत हिरवा. त्यामुळे मित्रांपैकी जपानी सिरियली कोण बघतं ते आधी विचार.

साडेसात_लोकल
मग डबलमध्ये पण मासाकी सुदा आहे, दोन डिटेक्टिव्हांतला फिलिप तोच.

मेकॅनिकल_शाखा
चेहरे बघून काय होतंय, मास्क लागला की आत वेगळाच माणूस असतो. सेइजी ताकाइवा ह्या एकाच माणसाने २००१ च्या अगितोपासून २०१८ च्या झिओपर्यंत जवळजवळ सगळे मुख्य रायडर सूटमधून केलेत, मधला हिबिकी सोडून. डेन-ओमध्ये तर कुठलं भूत अंगात आहे ते चेहरा न दिसता नुसत्या चालण्यावरून कळतं. खरा नट तो.

रेशीमगाठ_सुटली
हे मात्र मान्य. लाघवी भूत आलं की कंबर जरा वेगळीच असते 😄

अंधारकोठडी
तुम्ही सगळे मोठ्या माणसांना पोरांचे शो का दाखवताय? कामेन रायडर ब्लॅक सन लावा. २०२२, प्राइमवर, दहाच भाग, रक्त, राजकारण, सगळं. नाहीतर गारो, २००५, रात्री उशिरा लागायचं.

साडेसात_लोकल
ब्लॅक सन?? मुक्कामाच्या पार्टीला? दहा मिनिटांत सगळे बाल्कनीत जातील.

अंधारकोठडी
निदान हसणार तरी नाहीत.

टोरोंटोचा_पाऊस
हसणार नाहीत हे ध्येय आहे की बघतील हे ध्येय आहे?

उगाच_एक
आपल्याकडे काय कमी आहे का, शक्तिमान दाखवा. जपान्यांचे लाड पुरे.

कोकमसरबत
अवांतर: प्रोजेक्टर कितीला मिळतो भाड्याने? आमच्याकडे मॅचसाठी हवा होता.

ठाणेकर_जुना
गॉडझिला मायनस वन दाखवा सरळ. ऑस्कर मिळालंय इफेक्ट्सचं, २०२४ ला. मग कोण हसेल.

मेकॅनिकल_शाखा
काका तो उत्तम पिक्चर आहे पण ते बहुतांश कॉम्प्युटरवरचं काम आहे. पस्तीस जणांच्या टीमने केलं ते कौतुकाचंच, पण सूट नाही त्यात. त्याला टोकुसात्सु म्हणायचं का हा वेगळा विषय.

अंधारकोठडी
म्हणायचंच. पहिल्या गॉडझिलाचे इफेक्ट्स करणारे त्सुबुराया आज असते तर त्यांनीही कॉम्प्युटर वापरला असता.

मेकॅनिकल_शाखा
हे तुम्हाला कसं माहीत?

अंधारकोठडी
तुम्हाला नसता हे कसं माहीत?

बेल्टवाला
गॉडझिला बंद करा कृपया, वेगळा धागा काढा. मला शनिवारचं सांगा. आणि सगळं संध्याकाळी सातच्या आसपास सुरू करायला लागेल कारण नंतर चिऊ झोपते.

नाशिकची_मिरची
चिऊ कोण??

बेल्टवाला
मित्राची मुलगी. पाच वर्षांची. दोघं नवरा-बायको तिला घेऊनच येतात ना.

नाशिकची_मिरची
आणि हे तू आत्ता सांगतोयस!!! चाळीस प्रतिसाद होत आले, तिकडे एक जण ब्लॅक सन लावायला सांगतोय!

बेल्टवाला
तिचा काय संबंध, मला मित्रांना दाखवायचंय.

टोरोंटोचा_पाऊस
तिचाच संबंध आहे. डेकारेंजर मागे घेतो. तिच्यासाठी अल्ट्रामॅन झेड लाव, २०२०, २५ भाग. अल्ट्रामॅनवाल्यांच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवर सबटायटलसकट यायचं, हल्ली काढतात-घालतात, बघून घे. त्यातला झेड बाहेरच्या ग्रहावरचा, त्याला भाषा धड येत नाही, नको तिथे अति आदरार्थी बोलतो, अवाढव्य रूपात तीनच मिनिटं लढू शकतो, आणि सोबत सेव्हेंगर नावाचा टमरेलासारखा गोल रोबो आहे. कोणी तोंड वाकडं करून बघूच शकत नाही. आणि मोठी माणसं "मुलीसाठी लावलंय" म्हणून बसतात, मग त्यांना लाज वाटत नाही.

साडेसात_लोकल
हे चालेल. सातला झेड, मुलगी झोपली की डबलचे दोन भाग. तोएईचं (रायडर आणि सेंताई काढणारी कंपनी) टोकुसात्सुचं चॅनल आहे यूट्यूबवर २०२० पासूनचं, तिथे बऱ्याच शोचे पहिले दोन-दोन भाग इंग्रजी सबटायटलसकट ठेवलेत, तिथे आधी शोध. आणि तो मालवणी डबिंगवाला आहे त्याला अडवू नकोस.

बेल्टवाला
का? तोच तर सगळी वाट लावतो.

साडेसात_लोकल
अरे तो एकटाच स्क्रीनकडे बघत होता ना सगळा वेळ? बाकीचे त्याच्याकडे बघत होते. डबिंग करायला प्रत्येक हालचाल बघावी लागते. त्याच्याच हातात रिमोट दे.

अंधारकोठडी
म्हणजे शोची टिंगल करून शो आवडायला लावायचा. वा.

साडेसात_लोकल
रविवारी सकाळी पोरांना बेल्ट विकायला काढलेला शो आहे दादा, पाळणाघरात घंटा बांधल्यासारखा तो बेल्ट ओरडतो. त्याची स्वतःचीच टिंगल त्यात आहे. तरी तिसाव्या भागाला रडायला येतं, ते वेगळं.

बेल्टवाला
रिमोट देणार नाही. डबिंगचं बघू. झेड आणि डबल फायनल. पण चिऊ राक्षसाला घाबरली तर? तिची आई परत येऊ देणार नाही.

रेशीमगाठ_सुटली
राक्षसाला नाही घाबरत मुलं, आवाजाला घाबरतात. आमची चार वर्षांची होती तेव्हापासून बघते. प्रोजेक्टर असला तरी खोलीत एक दिवा चालू ठेव, आवाज कमी, आणि राक्षसाचं नाव तिला आधी सांगून टाक, नाव कळलं की ती त्याला हाक मारते. इमारती पडतात तेव्हा "आतली माणसं कुठे गेली" हा प्रश्न येणारच, "सगळी आधीच खाली उतरली" हे उत्तर सगळ्यांनी एकच द्यायचं, तुझ्या त्या डबिंगवाल्यालाही सांगून ठेव. आणि जेवणाच्या आधी दाखव, झोपायच्या तोंडावर नको. आमची रात्री दोनला उठून पलंगावर उभी राहिली होती, एक हात वर, आणि म्हणे मला तीनच मिनिटं आहेत.