एक रंधा जास्तीचा झालाय: ठेवू, विकू की देऊ?

खुंटी
मंडळी, सल्ला हवाय. घरी १४ इंची लोखंडी रंधे दोन झालेत. एक माझा नेहमीचा, स्टॅन्ले ५ नंबर. दुसरा परवा मामांकडून आला. रेकॉर्ड ०५, शेफील्डचा, निळा रंग अजून अर्धाअधिक शाबूत. दोन इंची पातं, भरपूर शिल्लक आहे. बुडाला वरवरचा गंज, मागची मूठ हलते. मी शनिवार-रविवारचा हौशी सुतार, काम गॅलरीत, सामान ठेवायला एकच फळी. बायको विचारते, एकाच मापाचे दोन कशाला? मलाही धड उत्तर देता येईना. छोटा ४ नंबर आहेच, त्यामुळे बदलून तो घेण्यात अर्थ नाही.

शिसवी
आधी तडा बघा, मग पुढचं. बिडाची वस्तू कधी हातातून पडली असेल तर तोंडाच्या (पातं बाहेर येतं त्या फटीच्या) कोपऱ्यातून बारीक चीर जाते आणि गंजाखाली ती दिसत नाही. पातं, टोपी (पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी) सगळं काढा. बूड साफ करून रॉकेल लावा, जरा वेळ मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. चीर असेल तर आतलं रॉकेल पूड ओढून घेते आणि ओली रेघ उमटते. मुठीचं काही विशेष नाही. लाकूड आक्रसलं की पितळी नट आतल्या दांडीवर टेकतो, पण मूठ आवळत नाही. नटाखाली एक वायसर घाला, झालं.

जुनंपुराणं
विकायचा असेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत चोर बाजारात नेऊ नका. तिथे घ्यायला जावं, द्यायला नाही! भंगारापेक्षा चार पैसे जास्त मिळतील, इतकंच. थेट हौशी माणसाला द्या. बुडाचा, तोंडाचा आणि पात्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो टाका. आणि कृपा करून तारेच्या ब्रशने चकाचक करू नका, उरलेला निळा रंग जाईल.

ओसरीवाला
मी म्हणेन, मुळीच विकू नका. दोन रंधे सारखे कधी? दोन्हींची पाती सारखी लावली असतील तर. याच्या पात्याला कमान द्या. पुठ्ठ्यावर आठ इंच त्रिज्येचा कंस काढा, पातं त्यावर ठेवून खूण करा आणि तेवढं घासा. कोपरे मधल्या भागापेक्षा जेमतेम दीड मिलिमीटर मागे जातात. टोपी धारेपासून दोनेक मिलिमीटर मागे घ्या, तोंड मोठं ठेवा. मग वखारीतून आणलेली वाकडी फळी घेऊन तिरका, जवळजवळ आडवा मारा. जाड जाड ढलप्या निघतात. सपाट पात्याने अर्धा दिवस घाम गाळाल ते काम चहा गार व्हायच्या आत होतं. नंतर तुमचा स्टॅन्ले उभा मारून खाचा काढून टाका. गॅलरीत प्लेनर मशीन लावलं तर शेजारी वर येतील, याचा आवाज कुणाला जात नाही. ज्याच्याकडे मशीन नाही त्याला दुसरा ५ नंबर जास्तीचा नसतोच.

लाल_माती
+१, पण आमच्याकडे कोकणात फणसाचं काम असतं आणि फणसाचे तंतू कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला. कसाही मारा, कुठेतरी उचकटतंच. त्यासाठी मी एका जादा पात्याच्या सपाट पाठीला १५ अंशांची बारीकशी धार दिली आहे. रंध्यात पातं ४५ अंशांवर बसतं, म्हणजे कापण्याचा कोन ६० झाला. ढकलायला जड जातं, पण उचकटणं जवळपास थांबतं. यासाठी नवा रंधा लागत नाही, पातं बदललं तरी चालतं. मात्र दर वेळी पातं बदलून पुन्हा जुळवायचा कंटाळा येतो हेही खरं.

निवांत
देण्याबद्दल कुणी बोललंच नाही. संस्थेला देणार असाल तर आधी नीट चौकशी करा. आयटीआयचा सुतारकामाचा कोर्स एक वर्षाचा, मुलांना अवजारं हवी असतात. पण सरकारी संस्थेत वस्तू आली की जडवस्तू नोंदवहीत चढते आणि मग 'हरवली तर कोण भरणार' म्हणून कुलपात जाते. मी एका ठिकाणी दिलेल्या पटाश्या तशाच कपाटात बघितल्यात. त्यापेक्षा शिकणाऱ्या एखाद्या पोराच्या हातात द्या.

शिसवी
@निवांत, पोराला आधी विचारा तरी. आज बहुतेक काम प्लाय आणि सनमायकाचं. पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात, त्यात पोरं इलेक्ट्रिक रंध्याकडेच बघतात. खरा गिऱ्हाईक म्हणजे पावसाळ्यात फुगलेली दारं दुरुस्त करणारा. दाराच्या कडेला जुना रंग, सनमायका, कधी खिळा. चांगल्या पात्याची वाट लागते, म्हणून त्याला एक 'मार खाणारा' रंधा लागतोच.

खुंटी
सगळ्यांचे आभार. खडूची परीक्षा झाली, रेघ नाही. मुठीला वायसर घातला, आता घट्ट आहे. ओसरीवाल्यांचं पटलं, कमानच देतो. सोसायटीतली दारं मात्र या पात्याने करणार नाही, त्यासाठी स्वस्तातलं वेगळं पातं घेईन. बायकोला "हा जाड ढलप्या काढायचा आणि तो सपाट करायचा" असं सांगितलंय. तिने "बरं" म्हटलंय, त्या 'बरं'चा अर्थ विवाहितांना कळेल. एक शंका: कमान बेंच ग्राइंडरवर द्यायची की दगडावर?

ओसरीवाला
ग्राइंडरवर, पण हलक्या हाताने. बाजूला पाण्याचा डबा ठेवा आणि बोटाला गरम लागलं की बुडवा. धार निळी पडली तर तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं, तेवढा भाग घासून काढावा लागतो. शेवटची धार दगडावर, पातं डावी-उजवीकडे झुलवत. आणि बुडाला शिलाई मशीनचं तेल लावून ठेवा, जून जवळ आलाय.