अलास्का क्रूझ: आईबाबांना न्यावं का?

मिरजेची_मैना
नमस्कार मंडळी, आईबाबा मे मध्ये सांगलीहून आमच्याकडे पोर्टलंडला येताहेत. बाबा ७२, आईचे गुडघे बोलतात. नवरा म्हणतोय सिएटलहून अलास्का क्रूझ करू, सामान एकदाच उघडायचं, रोज हॉटेल बदलायची कटकट नाही. पण आठवडाभर बोटीवर बसून बघायचं काय? वर थंडी पाऊस, आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि तिला आंबा घाटात गाडी लागते तर बोट लागणार नाही का? ज्यांनी घरच्या मोठ्यांना नेलंय त्यांनी खरं खरं सांगा, ब्रोशरमधलं नको.

रिमझिम२२
आम्ही सासूबाईंना नेलं होतं. त्या आधी म्हणाल्या, बर्फच बघायचा तर फ्रीज उघडते की! त्याच बाई ग्लेशियर बेच्या (अलास्कातली हिमनद्यांची खाडी, नॅशनल पार्क आहे) दिवशी शाल गुंडाळून डेकवरून हलायला तयार नाहीत, जेवायला बोलवावं लागलं.

त्या दिवशी बोट कुठल्या बंदराला लागतच नाही. सकाळी छोट्या बोटीतून पार्क रेंजर येतात, चालत्या जहाजावर दोराच्या शिडीने चढतात आणि दिवसभर माइकवरून माहिती सांगतात. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझना परवानगी आहे त्यामुळे आजूबाजूला खरंच शांत असतं. मार्जरी ग्लेशियरसमोर बोट तासभर थांबते आणि हळूहळू गोल फिरते, म्हणजे डावी बाजू घेऊ की उजवी हा वाद नको. भिंत पाण्याच्या वर साधारण २५० फूट. कडा तुटलेला आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो, तेव्हा कळतं की आपल्याला वाटलं त्यापेक्षा आपण किती लांब आहोत. शेजारचा ग्रँड पॅसिफिक ग्लेशियर दगडमातीने इतका माखलाय की मला तो डोंगरच वाटला. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं तिथे आली तेव्हा खाडीच्या तोंडापासून थोडं आत गेलं की बर्फाची भिंतच होती. आता बर्फाचं तेच टोक गाठायला १०० किमीच्या आसपास आत जावं लागतं!

फक्त बुकिंग करताना ग्लेशियर बे नक्की आहे का ते बघ, बऱ्याच बोटी त्याऐवजी दुसरीकडे नेतात.

खलाशी_नसलेला
ताई, बोट लागण्याचं थोडं मार्गावर आहे. सिएटलच्या बोटी बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून उघड्या समुद्रातून जातात, तिथे हलतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून सुटणाऱ्या बेटाच्या आतल्या बाजूने जातात, पाणी पुष्कळ शांत. केबिन खालच्या मजल्यावर, मध्यभागी घ्या आणि गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच आणा.

आणि आधी व्हिसा बघा!! सिएटलवाल्या बोटी शेवटी संध्याकाळी काही तास व्हिक्टोरियाला थांबतात, ते कॅनडा. हौसेने नाही थांबत, १८८६ चा अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं तर मधे परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर आईबाबांना कॅनडाचा व्हिसा लागणार, खाली उतरायचं नसलं तरी. तुम्ही एच१बी वर असाल तर तुम्हालाही, ग्रीनकार्ड असेल तर नको. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना तेही तपासा.

उलटा_चष्मा
मी जरा उलटं बोलतो. निसर्ग अफाट, वादच नाही. पण बंदरं? जुनोची वस्ती ३२ हजारांच्या आसपास आणि एका दिवशी पाच मोठ्या बोटी, तोही २०२४ पासून लावलेला लिमिट, आधी काही धरबंधच नव्हता. धक्क्यावर उतरलं की हिऱ्यांची दुकानं, आत सेल्समन हिंदीत "आइए आंटीजी". केचिकानला पाऊस आपल्या रत्नागिरीपेक्षा कमी नाही, फक्त तो वर्षभर वाटून आणि गार पडतो (मे त्यातल्या त्यात बरा). आणि इतकं तेल जाळत बर्फ वितळताना बघायला जायचं, हे मला अजून पचत नाही, गेलो तरी.

बंदरांवरच्या महागड्या टूर घेत सुटू नका. जुनोला व्हेल बघायची बोट घ्या, उन्हाळ्यात हंपबॅक हवाईहून तिकडे खायलाच येतात. स्कॅगवेला डोंगरातली जुनी रेल्वे, १८९८ च्या सोन्याच्या धावपळीत बांधायला घेतलेली, बसल्या जागी सगळं दिसतं, गुडघ्यांना त्रास नाही. बाकी ठिकाणी आईबाबांना बोटीवरच राहू दे, सगळे खाली उतरले की वर काय निवांत असतं.

मांडवीकाठ
जेवणाचं टेन्शन नको. बुकिंगमध्येच शाकाहारी, अंडं नको असं लिहा आणि पहिल्या रात्री हेडवेटरला भेटून परत सांगा. किचनमध्ये भारतीय बहुतेक असतातच, आमच्या गोव्याचे तर कितीतरी. माझा भाऊ बोटीवरच आहे, म्हणतो की कुणी आजी कोकणी-मराठीत बोलली की पोरं आपणहून डाळभात करून आणतात. घरापासून महिनोन् महिने लांब असतात बिचारे. टीप रोजची वेगळी कापली जाते, ते बजेटात धरा.

मिरजेची_मैना
सगळ्यांना थँक्यू!! कॅनडाचा व्हिसा लागणारच असेल तर मग व्हँकुव्हरहूनच जातो, गाडीने पाच-सहा तास. बाल्कनीवाली खोली घ्यावी का? जवळजवळ दुप्पट सांगताहेत.

रिमझिम२२
आईंसाठी घे. डेकवरचा वारा सोसला नाही तर खोलीतून बघता येतं. स्वेटरवरून वारा-पाऊस अडवणारं जाकीट मात्र दोघांना तिथेच घेऊन दे, सांगलीहून आणायला सांगू नकोस. आणि मे च्या शेवटी उजेड रात्री साडेनऊ-दहापर्यंत असतो, बाबा झोपायचं नाव घेणार नाहीत.